तोंडाला येणारी दुर्गंधी : सांगायचे कोणी आणि करायचे काय?

काही दुखणी रुग्ण स्वतः सांगतो, काही त्याचे नातेवाईक सांगतात. तोंडाच्या दुर्गंधीचे दुखणे मात्र बहुधा कोणीच सांगत नाही. ज्याला ते असते त्याला त्याची जाणीव नसते, आणि ज्यांना जाणीव असते ते भिडेपोटी गप्प राहतात. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर ही भीड अधिकच. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी घरच्यांची अवस्था होते.

काही वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे नियमित येत असत. वय बहात्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. ‘तोंडाला चव नाही, पोट साफ वाटत नाही’ ही त्यांची नेहमीची तक्रार. मी आम्लपित्ताच्या गोळ्या देत राहिलो. एकदा त्यांच्या सूनबाई सोबत आल्या होत्या. गुरुजी वजन करून घेण्यासाठी बाहेर गेले, तेवढ्यात त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, कसं सांगू कळत नाही. पण आण्णांच्या जवळ बसवत नाही हो. आमचा मुलगा रोज रात्री त्यांच्याकडून गोष्ट ऐकायचा, तो आता जात नाही. आण्णांना वाटतं, पोरगा मोबाईलच्या नादी लागला.”

मी गुरुजींना आत बोलावले आणि तोंड उघडायला सांगितले. वरच्या बाजूला तीन दातांची काढ-घाल करण्याची कवळी होती. ती रात्रीसुद्धा तोंडातच असे. ती काढल्यावर खालची हिरडी लालभडक दिसली. कडेला अन्नाचा थर साचला होता आणि जिभेच्या मागच्या भागावर पिवळट साय. सहा महिने मी त्यांच्या पोटावर औषधे देत होतो. तोंड पाहायला मला दोन मिनिटे लागली असती. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्यापाशी कबूल केली. त्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “इतके दिवस मला कोणी सांगितलं का नाही?”

आजचा लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने.

दुर्गंधी येते कोठून?

‘तोंडाला वास येतो म्हणजे पोट बिघडले’ हा आपल्याकडचा सर्वमान्य समज. प्रत्यक्षात दहापैकी आठ-नऊ रुग्णांमध्ये दुर्गंधीचे मूळ तोंडातच असते. दातांच्या फटीत अडकलेले अन्नकण, गळून पडलेल्या पेशी आणि लाळेतील प्रथिने यांवर तोंडातील जिवाणू जगतात. जेथे हवा पोहोचत नाही अशा जागी, म्हणजे जिभेच्या मागच्या खडबडीत भागात, हिरड्यांच्या खाचांत आणि कवळीच्या खाली, ते या प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून गंधकयुक्त वायू तयार होतात. सडलेल्या अंड्याला ज्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड त्यांपैकीच एक.

या जिवाणूंना आवर घालणारी निसर्गाची व्यवस्था म्हणजे लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती तोंड सतत धूत असते. झोपेत ती जवळजवळ थांबते; म्हणूनच सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला थोडा वास येतोच. तो आजार नव्हे.

आपल्या नाकाला आपल्याच वासाची सवय होते, त्यामुळे स्वतःला काही कळत नाही. मनगटाची आतली बाजू चाटून, ती वाळल्यावर हुंगली किंवा जिभेच्या मागच्या भागावरून चमचा हलकेच ओढून त्याचा वास घेतला, तर थोडा अंदाज येतो. खात्रीचा उपाय मात्र एकच : विश्वासातल्या माणसाला विचारणे.

उतारवयात हे का वाढते?

पहिले कारण कोरडे तोंड. वयाबरोबर औषधे वाढतात. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची आणि झोपेची काही औषधे, लघवीवरचा ताबा सुधारण्याच्या गोळ्या, यांनी लाळ कमी होऊ शकते. त्यात पुष्कळ वृद्ध रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. तोंड कोरडे पडत असेल तर गोळ्या परस्पर बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही ना काही बदल करता येतो.

दुसरे कारण हिरड्यांचा आजार. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर ताब्यात ठेवणे अवघड होते. हे दुष्टचक्र आहे. दात घासताना रक्त येणे, हिरडी दात सोडून खाली सरकणे, दात हलणे ही त्याची लक्षणे. ‘वय झाले, दात हलणारच’ असे म्हणून ती सोडून देऊ नयेत.

तिसरे कारण आपल्या भागात विशेष आढळणारे : मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड आमच्या खेड्यापाड्यांतील अनेक आजी सकाळी दाताला लावतात. कोकणात तिलाच मशेरी म्हणतात. ‘मिश्रीशिवाय तोंड साफ वाटत नाही, परसाकडे होत नाही’ असे त्या सांगतात. ते समाधान खरे असले तरी ते तंबाखूच्या व्यसनाचे समाधान आहे. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या झिजतात, दातांची मुळे उघडी पडतात, वास वाढतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका ओढवतो. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. दिवसातून चार वेळा लावणाऱ्या आजींनी आधी दोनवर यावे, मग एकवर. सून रागावली म्हणून ती सुटत नाही. नात रोज शेजारी उभी राहून ब्रश करू लागली तर सुटण्याचा संभव अधिक, हा माझा अनुभव.

रोज करायचे ते

चरकसंहितेत दंतधावनासाठी करंज, अर्जुन अशा वृक्षांच्या काड्या सांगितल्या आहेत आणि जीभ खरवडण्यासाठी धातूची पट्टीही. दात आपण घासतो, जीभ मात्र विसरतो. तांब्याची किंवा स्टीलची जिभली रोज सकाळी मागून पुढे, हलक्या हाताने, चार-पाच वेळा फिरवावी. रक्त येईपर्यंत खरवडू नये.

मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांनी दिवसातून दोनदा दात घासावेत. त्यातली रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची. सांधेदुखीमुळे ब्रश पकडता येत नसेल तर त्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा कापडाची जाड गुंडाळी बसवावी. राख, कोळसा, वीट यांची पूड वापरू नये. दात त्याने झिजतात.

कवळी रात्री काढावी. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने, खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवून धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. रात्रभर साध्या गार पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, कवळीचा आकार बिघडतो. कवळी सैल झाली असेल तर दंतवैद्याकडून बसवून घ्यावी.

दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. बडीशेप, लवंग, वेलची यांनी वास तेवढ्यापुरता झाकला जातो. कारण जात नाही. क्लोरहेक्सिडिनच्या औषधी गुळण्या दंतवैद्याने सांगितल्यास एक-दोन आठवडे कराव्यात. महिनोन्‌महिने केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दंतवैद्य गाठावा. आपल्या जिल्ह्यात लोणी आणि संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. हिरड्यांवरील किटण एकदा साफ करून घेतले की अर्धे काम होते.

उपवास आणि वास

एकादशीला, नवरात्रात किंवा वारीच्या दिवसांत उपवास करणाऱ्यांच्या तोंडाला वेगळा वास येतो. अन्न नसल्याने शरीर चरबी जाळते, त्यातून तयार होणारी द्रव्ये श्वासातून बाहेर पडतात. शिवाय तोंड कोरडे असतेच. निरोगी माणसाला याने अपाय नाही, पाणी मात्र सोडू नये. मधुमेह असणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावेच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येऊन सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तासाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

हे अंगावर काढू नका

तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, मानेत गाठ, ही लक्षणे दुर्गंधीसोबत असोत वा नसोत, लगेच दाखवावीत. एका नाकपुडीतून घाण वासाचा स्राव, दुर्गंधीयुक्त बेडका, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या श्वासाला लघवीसारखा वास, यांतही तपासणी हवी.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे तोंड दिवसातून किमान दोनदा स्वच्छ करणे ही केवळ वासाची बाब नाही. तोंडातील जिवाणू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. रुग्णाला एका कुशीवर वळवावे, डोके थोडे उंच ठेवावे, आणि मऊ ब्रशने किंवा ओल्या, घट्ट पिळलेल्या गॉजने दात, हिरड्या, जीभ पुसावी. रुग्ण चावण्याची शक्यता असेल तर बोट दातांच्या मध्ये घालू नये. नाकातून नळीने अन्न जात असले तरी ही स्वच्छता हवीच. ओठांना थोडे व्हॅसलीन लावावे.

सांगावे कसे?

गुरुजींच्या प्रश्नाकडे परत येतो. सांगायचे ते एकांतात, एकाच माणसाने आणि ज्याचा शब्द त्या व्यक्तीला बोचणार नाही अशाने. पतीला पत्नीने किंवा वडिलांना लेकीने सांगणे सोपे जाते. सासूबाईंना सुनेने थेट सांगण्यापेक्षा मुलाने सांगावे. नाकाला पदर लावणे, खिडकी उघडणे, सर्वांसमोर शेरा मारणे यांतून निरोप पोहोचत नाही, फक्त अपमान पोहोचतो. “आण्णा, दोन दिवस झाले, तुमच्या तोंडाला वास येतोय. हिरडी किंवा कवळीचं काही असेल. उद्या मीही दात दाखवणार आहे, बरोबर जाऊ” एवढे पुरे. दुर्गंधी हे दुखण्याचे लक्षण आहे, घाणेरडेपणाची खूण नव्हे, हे बोलण्याच्या सुरातून कळले पाहिजे. तेही जमत नसेल तर आमच्यासारख्या डॉक्टरांना आधी फोन करा. आम्ही आपणहून विषय काढू.

याच्या उलट, काही माणसांना वास नसतानाही तो येतो असे वाटत राहते. तोंडावर हात ठेवून बोलणे, भजनाला, लग्नकार्याला जाणे सोडणे, इथपर्यंत मजल जाते. तपासणीत काही सापडले नाही तर त्यांना हसू नये. ती मनाची खरी वेदना असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

गुरुजींनी कवळी नवी करून घेतली, हिरड्या साफ करून घेतल्या, जिभली आणली. पुढच्या भेटीत मी नातवाविषयी विचारले. “येतो आता कधी कधी,” ते म्हणाले, “पण मधलं वर्ष गेलं.” ते वर्ष तुमच्या घरातले जाऊ नये. आज रात्री जेवणानंतर आजी-आजोबांच्या शेजारी बसा, त्यांच्या कवळीसाठी पाण्याची वाटी भरून ठेवा, आणि बोलायचे असेल ते मायेने बोला.