नाव ठेवताना : मोहिनीराज

मैत्रिणींनो, श्रीरामपूरकडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. बाळ चार महिन्यांचं झालं, पण जन्मदाखल्यावरची नावाची जागा अजून कोरीच! सासूबाईंनी नवस केलेला, म्हणून त्यांना 'मोहिनीराज' हवं. सूनबाईंना धास्ती, की शाळेत पोरं 'मोहिनी, मोहिनी' करून रडवतील. घरात आठ दिवस धड बोलणं नाही. "या नावाला काही अर्थ तरी आहे का?" असं त्या विचारतात.

आहे हो, आणि तोही आपल्या जिल्ह्यातलाच. समुद्रमंथनातून अमृत निघालं तेव्हा दैत्यांना भुलवायला विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं आणि देवांना अमृत वाढलं. ती पंगत बसली नेवाशात, प्रवरेकाठी, अशी आपल्याकडची श्रद्धा. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं शिर पडलं ती राहुरी, असंही सांगतात. स्त्रीरूप घेतलेला हा देव म्हणजे मोहिनीराज. नाव अर्धं बाईचं, अर्धं राजाचं ते यामुळेच. नेवाशाचं आजचं मंदिर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७७३ साली बांधलं. देव मात्र कितीतरी जुना. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी नेवाशातच सांगितली गेली, आणि तिच्या शेवटी माउलींनी या देवाला 'महालया' म्हणून स्मरलंय. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा, तीही मोहिनीचंच रूप. ज्यांचं हे कुलदैवत त्या घरांबाहेर हे नाव क्वचितच ऐकू येतं.

चिडवण्याचं म्हणाल, तर मी रोज अर्धा दिवस वर्गात असते. मुलं साध्या 'गणेश'लासुद्धा सोडत नाहीत! राहूची गोष्ट ज्याला रंगवून सांगता येईल, त्याच्याभोवती उलट घोळका जमेल. हाक मारायला 'राज' आहेच.

तरीही मन घेत नसेल, तर रुसून बसू नका. पाळण्यातलं नाव मोहिनीराज राहू द्या, दाखल्यावर तुमच्या पसंतीचं घाला. नवस देवाला बोललेला असतो, नगरपालिकेला नव्हे, हे सासूबाईंनाही पटेल. (आणि यजमान कुठे आहेत? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही!)

फक्त फार रेंगाळू नका. जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क पडतं. शिवाय एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हणजे कागदपत्रं आणि हेलपाटे. तेव्हा आधी घरातलं बोलणं उरका, मगच अर्ज भरा.