अवघड जागचं दुखणं

मराठी भाषेवर माझं प्रेम आहे, पण तिच्यातल्या एका म्हणीवर माझा कायमचा राग आहे. 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर.' आता जावई डॉक्टर असणं ही केवढी सोय! तपासणी घरच्या घरी, फी माफ. पण आमच्या पूर्वजांनी ती आपत्तींच्या खात्यात जमा केली.

आणि ती जागा अवघड ठरवली कुणी? गुडघा दुखला की माणूस चारचौघांत पायजमा वर करून सूज दाखवतो. मूळव्याधीवर तर आमच्या बँकेत लंच टाइमला परिसंवाद झडतात. पण वृषण दुखू लागलं की सगळे मौनव्रती! त्यात हा शब्द संस्कृत, तो डॉक्टरांच्या पुस्तकाबाहेर कुणी वापरत नाही. घरगुती शब्द आहे, तो फक्त भांडणात कामाला येतो. मग पोरगा म्हणतो, "पोटात दुखतंय." आई ओवा देते. वडील म्हणतात, "उष्णता झाली असेल." सोलापुरात हे निदान इतकं सर्वमान्य आहे, की गणितात नापास झालेल्या पोरालाही सब्जाचं पाणी पाजतील!

सब्जाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यात जाणाऱ्या वेळेला. वृषण ज्या दोरीवजा नाडीवर लोंबतं, तिच्यातूनच त्याला रक्त पोचतं. त्या दोरीला कधी पीळ पडतो. खेळताना पडतो, मार लागून पडतो, आणि झोपेत काहीही न करतासुद्धा पडतो. बहुधा बारा ते अठराच्या पोरांना, पण वयाची अट अशी नाही. अचानक जीवघेणी कळ, मळमळ, उलटी, एक बाजू सुजलेली, वर ओढलेली. रक्त बंद! सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. चोवीस तासांनंतर क्वचितच. सहा तास म्हणजे आमच्या बँकेतला सर्व्हर सकाळी बसला तर उठायला घेतो तेवढे.

आमच्या गल्लीतल्या एका दहावीतल्या पोराला रात्री दोनला कळ आली. सांगायची लाज वाटली म्हणून उशी पोटाशी धरून पडून राहिला. सकाळी ओवा. दहाला नेहमीचे डॉक्टर. त्यांनी बघितल्याबरोबर मोठ्या दवाखान्यात धाडलं, तोवर दुपार. एक काढावं लागलं. एकावर माणसाचं अडत नाही, मुलंबाळंही होतात. पण वडिलांनी गल्लीत काय सांगितलं? "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं." म्हणजे शेजारच्या पोराला उद्या कळ आली, तर त्याच्या घरीही ओवाच!

हा संकोच जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या असल्या अवघड प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला! १९३४ साली बाजू मांडायला खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला.

प्रत्येक कळ म्हणजे पीळच असं नव्हे. ताप आणि लघवीला जळजळ असली तर जंतुसंसर्ग असू शकतो. गालगुंडानंतर सूज येते, मुतखड्याची कळ खाली उतरते, हर्निया अडकतो. पण यातलं काय, ते ओळखायला माणसं पाच-पाच वर्षं शिकतात. आपण कॉमर्सवाल्यांनी कशाला निवाडा द्यावा? आणि न दुखणारी गाठ लागली तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणून सोडू नये. तरुण वयात ती कॅन्सरचीही असू शकते.

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनपर्यंत गेले. आम्हाला रात्री दोनला रिक्षा करून सिव्हिलपर्यंत जाववत नाही! तिथे गेल्यावर भाषण करायचं नसतं. "वृषणात अचानक कळ, दोनपासून," एवढंच. हा शब्द जिभेवर येत नसेल तर बोट दाखवावं, समोरच्यानं रोज पाहिलेलं असतं.

आणि निघताना चहा पाजू नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. हे मी आमच्या सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगदी घोटभर तरी?"