आधी नाव, मग उपाय

दिवाळीच्या साफसफाईत घरातली जळमटे झाडूच्या एका फटक्यात निघून जातात. ती कोणी विणली, हे पाहायला कोणी थांबत नाही. चाकासारखे रेखीव जाळे न विणता असे वेडेवाकडे, गुंतागुंतीचे जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे एक मोठे कुळ आहे. शास्त्रात त्याला 'थेरिडीडी' म्हणतात. त्यात अडीच हजारांहून अधिक प्रजातींची नोंद असून बहुतेकींचा माणसाला काहीही उपद्रव नाही. मात्र 'ब्लॅक विडो' आणि तिचे भाऊबंदही याच कुळातले. त्यामुळे या कुळात नवी भर पडली, की डॉक्टरांनीही तिकडे लक्ष द्यायला हवे.

अशी एक भर दक्षिण आफ्रिकेतून पडली. २०१४ साली क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तरेकडील टेम्बे एलिफंट पार्कमध्ये बार्बरा राइट यांना 'विडो' गटातली एक अनोळखी मादी आढळली. तिने घातलेली अंडी चक्क जांभळी होती. आफ्रिकेतल्या तिच्या इतर नातेवाइकांपेक्षा ही वेगळीच गोष्ट. शिवाय हे कोळी जमिनीलगत न राहता झाडाच्या खोडावर, अर्ध्या मीटरहून अधिक उंचीवर घर करत होते. तरीही केवळ रंगावरून आणि घरावरून नवी प्रजाती ठरत नाही. कोळ्यांमध्ये खरी ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली जननांगांची रचना तपासून आणि ज्ञात प्रजातींशी ताडून. हे काम वेळखाऊ असते. २०१९ साली 'लॅट्रोडेक्टस अंबुक्वाने' या नावाने तिची रीतसर नोंद झाली. बोलीतले नाव 'फिंडा बटन स्पायडर'.

एका कोळ्याच्या नावासाठी पाच वर्षे कशाला, असे कुणाला वाटेल. त्याचे उत्तर रुग्णालयात मिळते. 'विडो' गटातल्या मादीच्या विषात अल्फा-लॅट्रोटॉक्सिन हे प्रथिन असते. ते मज्जातंतूंच्या टोकांना साठवलेली रासायनिक द्रव्ये एकदम सोडायला लावते. त्यातून दंशाच्या जागी सुरू झालेली वेदना अंगभर पसरते, स्नायूंना पेटके येतात, दरदरून घाम सुटतो. कधी पोट फळीसारखे कडक होते आणि शस्त्रक्रियेची गरज असलेला पोटाचा आजार असावा, असा डॉक्टरांचाही समज होऊ शकतो. यावर प्रतिविष उपलब्ध आहे आणि वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यू अतिशय विरळा. पण कोणत्या भागात कोणता कोळी आहे, त्याचे विष किती तीव्र, हाताशी असलेले प्रतिविष त्यावर चालेल का, हे प्रश्न विचारायचे तर आधी त्या जिवाला नाव हवे.

नावाचा आणखी एक लाभ होतो, तो सहज दिसत नाही. याच अल्फा-लॅट्रोटॉक्सिनचा माग काढताना मेंदूच्या पेशींवरील 'न्यूरेक्सिन' या प्रथिनांचा शोध लागला. १९९२ साली ते काम प्रसिद्ध करणाऱ्या गटातील थॉमस सुडॉफ यांना पुढे २०१३ मध्ये, पेशींमधील वाहतुकीवरील संशोधनासाठी, नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. न्यूरेक्सिनमधील दोषांचा संबंध स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनियाशी आढळला आहे. ज्याला पाहताच आपण चप्पल उचलतो, त्या जिवाने मेंदूचे एक दार असे उघडून दिले.

जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या प्रजातींचा आकडा २०२२ मध्ये ५० हजारांवर गेला. आपल्या पश्चिम घाटातूनही नवे कोळी नोंदले जात आहेत आणि 'विडो' गटातले कोळी भारतातही आढळले आहेत. तरी जीव ओळखणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञांकडे आपल्या विद्यापीठांचे लक्ष तोकडेच. नव्या यंत्राला निधी मिळतो, संग्रहालयातल्या बाटल्या तपासणाऱ्या माणसाला मिळत नाही. त्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. अंगावर जखम चिघळली, की 'कोळी चावला' म्हणून मोकळे व्हायचे. प्रत्यक्षात कोळी कोणी पाहिलेला नसतो आणि जखमेमागे जंतुसंसर्ग किंवा मधुमेह लपलेला असतो. निदान चुकते, लेप लावण्यात दिवस जातात.

कोळी चावलाच, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पट्टी ठेवावी. चिरा देऊ नये, तोंडाने शोषू नये. वेदना पसरू लागली, पेटके किंवा घाम आला तर थेट रुग्णालय गाठावे. कोळी धोका न पत्करता टिपता आला, तर त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवावा. अडगळीत किंवा सरपणात हात घालण्यापूर्वी हातमोजे घालावेत, बूट झटकून घ्यावेत. माणसाच्या अंगावर हे कोळी धावून येत नाहीत. दाबले गेले तरच बहुधा चावतात.

फिंडा कोळ्याला नाव मिळाले, पण त्याचे घर असलेले वाळूवरचे जंगल अस्तित्वाच्या काठावर आहे. ते गेले तर विष, जांभळी अंडी आणि त्यांतून मिळू शकणारे ज्ञान एकत्रच जाईल. आपल्या घाटांतही तेच घडू शकते. म्हणून जंगल राखण्याचा आणि वर्गीकरणतज्ज्ञ घडवण्याचा खर्च आरोग्याच्या खात्यातही मांडायला हवा.