खिसेकापू पोर आणि आमचा इतिहास

मुलांपुढे आदर्श ठेवावेत, हे वाक्य मराठी बालकुमार साहित्याच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. परभणीत मराठी शिकवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांची हरकत आदर्शांना नाही. हे आदर्श कोणत्या घरांत शोधले जातात, याला आहे.

आमच्या ऐतिहासिक किशोर कादंबरीचा नायक बहुधा मावळ्याचा, किल्लेदाराचा नाही तर सरदाराचा मुलगा असतो. तो गरीब असला तरी त्याला घर असते, आई असते, धनी असतो. साहसकथांतला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आम्हांलाही प्रिय. पण तोही विद्याभवनाच्या वसतिगृहातला विद्यार्थी. ज्याला वसतिगृहही नाही, त्या रस्त्यावरच्या पोराने कुठे जावे?

लिऑन गारफिल्ड या इंग्रज लेखकाची ‘स्मिथ’ (१९६७) ही किशोर कादंबरी या संदर्भात पाहण्याजोगी आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमधला बारा वर्षांचा खिसेकापू स्मिथ एका म्हाताऱ्याच्या खिशातला कागद लांबवतो आणि लगोलग त्या म्हाताऱ्याचा खून होतो. मारेकरी कागदासाठी पाठीशी लागतात. पोराला मात्र त्यातले अक्षरही वाचता येत नाही. साऱ्या साहसाचे मूळ या निरक्षरतेत आहे. विशेष म्हणजे, लेखक स्मिथला आधी सज्जन करून मग नायक करीत नाही.

असे कथानक आमच्या मातीत रुजणार नाही काय? निजामी राजवटीत घरची भाषा मराठी आणि सरकारची उर्दू. ३० जानेवारी १९४८ रोजी क्रांतिकारकांनी उमरीची बँक लुटली. त्याच लोहमार्गावरच्या पूर्णा जंक्शनवर झोपणारा एक पोर कल्पून पाहा. त्याच्या हाती कुणाचा तरी उर्दू कागद लागतो. तो कुणाकडून वाचून घ्यावा? रझाकारांच्या त्या दिवसांत कुणावर विश्वास ठेवावा? सप्टेंबर १९४८ मध्ये फौजा आल्या, संस्थान मुक्त झाले. त्या पोराचे काय झाले? ही कादंबरी अजून आमच्या वाचनात नाही.

‘अशा मुलांच्या नोंदी नाहीत,’ असा आक्षेप येईल. पण कादंबऱ्यांतले मावळ्यांच्या मुलांचे संवाद तरी कोणत्या बखरीत नोंदले आहेत? दुसरा आक्षेप संस्कारांचा. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दुसऱ्याच्या घरी दासी म्हणून राहिली, असे परंपरा सांगते. तिच्या पोरकेपणाने आमचे संस्कार बिघडले नाहीत. फक्त आम्ही त्या पोरकेपणावर चमत्कारांची शाल पांघरली आणि मोकळे झालो.

आमचे विद्यार्थी उद्या शाळांतून शिकवतील. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेली मुले त्यांच्यापुढे बसतील. काही तर फडावरच असतील. ‘आदर्श’ पुस्तकांत या मुलांनी स्वतःला कोणत्या पानावर शोधावे? इतिहास राजपुत्रांनी घडवला आणि आपण तो नुसता पाठ करायचा, एवढेच जर ती शिकणार असतील, तर तो संस्कार नव्हे. ती त्यांना त्यांची पायरी दाखवणे आहे. मराठी लेखकांनी हे आता थांबवावे, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आम्हीही.