पाठवणारे पुष्कळ, स्वीकारणारे कुठे?

मागच्या महिन्यात डिप्लोमा झालेल्या मुलांच्या एका सत्काराला गेलो होतो. एका वक्त्याने अभिमानाने सांगितले, "आपली मुले आता गिटहबवर आहेत." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जेवताना त्यांपैकी तीन मुलांना विचारले, "बेटा, तुम्ही इथून पुश करता, तेव्हा पलीकडे तुमचे काम उतरवून कोण घेतो? तो काय तपासतो? नाकारतो तर कशाच्या आधारावर?" तिघेही हसले. एकजण म्हणाला, "सर, ते त्यांचे काम."

माझे भांडण या चार शब्दांशी आहे.

मी संगणकाचा माणूस नाही. बी.एड. झालेला उर्दू-मराठीचा शिक्षक आहे. पण हा प्रश्न माझ्या घरात माझ्या विषयातूनच शिरला. उर्दू माध्यमाची मुले मराठी शिकताना जिथे हमखास फसतात, अशा शब्दांचा एक कोश आम्ही चार शिक्षक मिळून करत होतो. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव; मराठीत प्रयत्नांची शिकस्त करतात. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूतला 'राजीनामा' हा समेटाचा कागद, मराठीत तो दिला की नोकरी जाते! असे सुमारे चारशे शब्द जमले. फाईल एका सामायिक फोल्डरमध्ये होती. एका सहकाऱ्याने आपल्याकडची दोन महिन्यांपूर्वीची प्रत त्याच नावाने चढवली. दोन महिन्यांची मेहनत गेली. सहकाऱ्याचा दोष नव्हता. ते फोल्डर शेवटी येईल त्याचे ऐकत होते. आधी काय होते, हा नवीन काय घेऊन आला, मधले काय गळाले, हे विचारण्याची त्याला अक्कलच दिलेली नव्हती.

माझा भाचा संगणकाचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, "मामू, हे गिटवर ठेवा." मी म्हटले, "ठेवू. पण सर्व्हर आपला. आणि तू तो स्वतः लिही, मला समजेल असा." त्याला ती म्हाताऱ्याची लहर वाटली. तयार आज्ञा आहेच, एका ओळीत रिकामे भांडार उभे राहते, मग लिहायचे कशाला? मी म्हटले, आधी लिहू, मग तयार ते वापरू. सावंगीतल्या आमच्या घरात एका जुन्या संगणकावर हे काम दीड महिना चालले. त्यातून जे शिकलो, त्याच्या आधारावर आज बोलतो आहे.

पुश म्हणजे फाईल चढवणे नव्हे. संभाषणाची सुरुवात सर्व्हरच करतो. माझ्याकडे कोणत्या शाखा आहेत आणि प्रत्येक शाखा कोणत्या नोंदीवर उभी आहे, हे तो आधी सांगतो. प्रत्येक नोंदीला चाळीस अंकांची खूण असते. मग पाठवणारा तीन गोष्टी मांडतो: शाखेचे नाव, तिची जुनी खूण, तिची नवी खूण. म्हणजे, "मी पाहिली तेव्हा शाखा इथे होती, आता तिथे न्या." नवी शाखा असेल तर जुन्या खुणेच्या जागी चाळीस शून्ये, शाखा पुसायची असेल तर नव्या खुणेच्या जागी चाळीस शून्ये. त्यामागून सगळा नवा मजकूर एका गाठोड्यात येतो.

खेड्यातल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आपला फेरफार असाच चालतो. जमीन विकली म्हणून सातबारा त्याच क्षणी बदलत नाही. तलाठी आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ऐकली जाते, वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत, त्याला कंस करतात. चांगला सर्व्हरही हेच करतो. आलेले गाठोडे तो आधी वेगळ्या जागी ठेवतो. गिटमध्ये २०१६ साली आलेल्या २.११ या आवृत्तीपासून ही विलगीकरणाची सोय आहे. तपासणीत काही खोट निघाली तर ते गाठोडे फेकून दिले जाते. मूळ भांडाराला त्याचा स्पर्शही होत नाही. तपासणी पार पडली तरच मजकूर आत घेतला जातो आणि सर्वांत शेवटी शाखेची खूण हलते.

भाच्याचा पहिला सर्व्हर दोन ठिकाणी आपटला. पहिली चूक कुलपाची. त्याने जुनी खूण जुळते का ते पाहिले आणि मग नवी लिहिली. दिसायला बरोबर. पण पाहणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणात मी दुसऱ्या संगणकावरून पुश केला आणि माझी नोंद शाखेतून गायब झाली. म्हणजे दीड महिन्याची खटपट करून आम्ही पुन्हा तेच फोल्डर बनवले होते! उपाय असा की आधी शाखेला कुलूप लावायचे, कुलपाच्या आत जुनी खूण पुन्हा ताडून पाहायची, नवी खूण कुलपाच्या फाईलमध्ये पूर्ण लिहायची आणि त्या फाईलचेच नाव बदलून ती शाखेच्या जागी बसवायची. मध्येच लाइट गेली तरी शाखा एकतर जुनी राहते नाहीतर नवी होते. अर्धवट काही उरत नाही.

दुसरी चूक माझ्या विषयातली होती आणि ती पकडली मी. या संभाषणात प्रत्येक ओळीच्या आधी चार अंकांत तिची लांबी सांगावी लागते. ते चार अंकही त्या लांबीत धरायचे. ही लांबी बाइटमध्ये मोजायची असते. भाच्याने अक्षरे मोजली. इंग्रजी नावांच्या शाखा सुरळीत चालल्या, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मी 'मराठी' नावाची शाखा केली आणि सगळे कोसळले. म, र, काना, ठ, वेलांटी मिळून पाच चिन्हे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे पंधरा. 'उर्दू' हा शब्द उर्दू लिपीत अलिफ, रे, दाल, वाव असा चार अक्षरांचा. तिथे प्रत्येक अक्षर दोन बाइटचे, म्हणजे आठ. सर्व्हर पाच सांगत होता आणि पंधरा पाठवत होता. पलीकडचा पाच वाचून थांबे आणि उरलेल्या दहांना पुढच्या ओळीची लांबी समजून गोंधळे.

भाचा म्हणाला, "पण मामू, शाखेला मराठी नाव देतंच कोण?" मी म्हटले, "देणारा लिहायला बसला नाही, म्हणून तुला तसे वाटते." स्वीकारण्याच्या बाजूला आपला माणूस नसेल तर आपली अक्षरे मोजण्यात धरलीच जात नाहीत. हे कोणाचे कारस्थान नसते. तिथे बसलेल्याच्या डोळ्यासमोर ती कधी आलेलीच नसतात.

त्यानंतर आम्ही तयार गिट वापरायला लागलो आणि त्यावर आपला तपासणीचा प्रोग्राम बसवला. नोंद आत येण्याआधी तो चालतो. शब्दापुढे मराठी अर्थ रिकामा असेल तर तो पुश नाकारतो आणि कारण पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दाखवतो, मराठीत आणि उर्दूतही: "ओळ ४१, अर्थ लिहिलेला नाही." जबरदस्तीने जुनी प्रत लादायचा मार्ग एका सेटिंगने बंद केला. गिटहबच्या फुकट खात्यावर असा आपला पूर्व-तपासणीचा प्रोग्राम बसवता येत नाही. तिथले नियम तेच ठरवतात, तुम्ही त्यांच्या यादीतून निवडता. कोशात कोणती नोंद बसेल आणि नकार कोणत्या भाषेत मिळेल, हे ठरवायचा हक्क मला हवा होता.

आता आक्षेप. पहिला असा: "फुकट मिळते तर घरी कशाला?" डिसेंबर २०१४ आठवा. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीवरून केंद्राने बत्तीस संकेतस्थळे रोखली. त्या यादीत गिटहब होते, सोर्सफोर्ज होते, इंटरनेट आर्काइव्हही होते. काही दिवसांत ती एकेक करून उघडली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण आणि सीरियातल्या अनेकांच्या खात्यांवर बंधने घातली. त्या पोरांनी कोणाचे काय बिघडवले होते? तिथे ठेवू नका असे मी म्हणत नाही. आमच्या कोशाची एक प्रत आजही तिथे जाते. पण तीच एकमेव जागा असू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून तो झटकणार नाही. "घरचा सर्व्हर असुरक्षित असतो." मार्च २०२१ मध्ये पीएचपी या भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर दोन घातक नोंदी पुश झाल्या, त्याही रास्मुस लेर्डोर्फ आणि निकिता पोपोव्ह या त्यांच्याच माणसांच्या नावाने. पुढे उघड झाले की किल्लीच्या दाराशिवाय पासवर्डने पुश करण्याचे आणखी एक दार तिथे उघडे होते. त्यांनी तो सर्व्हर बंद करून गिटहबवर मुक्काम हलवला. हे उदाहरण माझ्या विरोधात जाते असे कोणी म्हणेल. मला त्यात वेगळे दिसते. नोंदीवरचे नाव हा पुरावा नसतो, ते कोणीही काहीही लिहू शकतो. पुश कोणी केला हे सर्व्हरनेच ओळखायचे असते. आपली किती दारे उघडी आहेत, हे आत काय चालते ते जाणणाराच मोजू शकतो. पीएचपीवाले गेले ते जाणून गेले. आपली मुले तिथे आहेत, कारण दुसरे काही असते हेच त्यांना माहीत नाही.

आणि "हे आपल्या आवाक्यातले नाही" म्हणणाऱ्यांना सांगतो की पुश कोणी कुठल्या शाखेवर करावा याची राखण करणारा गिटोलाइट हा प्रोग्राम भारतातल्या सीताराम चामर्ती यांनी लिहिला आहे. लिनक्सचे मूळ भांडार जिथे आहे, तिथे तो वापरला जातो.

आम्ही वर्ध्याच्या बाजूला राहतो. बी.एड.ला सगळ्यांनी पाठ केले आहे: ऑक्टोबर १९३७, वर्ध्याची शिक्षण परिषद, डॉ. झाकिर हुसेन समिती, नई तालीम. पेपरात दहा गुण मिळवले आणि विसरलो. मुलाने हाताने वस्तू घडवावी आणि त्या घडवण्यातून गणित, भाषा, समाज शिकावे, एवढेच त्यात सांगितले होते. टकळीच्या जागी आज सर्व्हर ठेवा. माझ्या भाच्याने कुलपातून न्याय शिकला आणि बाइटमधून लिपी. हे त्याला तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सने दिले नव्हते.

म्हणून सत्कार करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे. पुढच्या वर्षी शाल आणि ट्रॉफीचे पैसे वाचवा, चार जुने संगणक घ्या, मोहल्ल्यात एक खोली द्या. मुलांना सांगा की तयार काही वापरू नका. पुश स्वीकारणारा प्रोग्राम स्वतः लिहा. दोघांनी एकाच वेळी पुश केला तर कोणाचीही नोंद गहाळ होता कामा नये, नाकारल्याचे कारण मराठीत आणि उर्दूत मिळाले पाहिजे, आणि शाखेचे नाव कोणत्याही लिपीत चालले पाहिजे. ज्याचा चालेल त्याला मंचावर बोलवा. मी टाळ्या वाजवायला येईन, आणि तपासायला 'मराठी' नावाची शाखा घेऊन येईन.