वाढत्या अंगाचं तट्टू



शाळेचा गणवेश आपण कायम वाढत्या अंगाचा शिवत आलो. शिंप्याला सांगायचं, खाली चार बोटं दुमड ठेव, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. काटकसरीच्या घरातलं हे शहाणपण आहे आणि मी त्याच्या बाजूनेच आहे. पण परवा आमच्याकडे हाच नियम घोड्याला लावायचं चाललं होतं, तेव्हा मात्र मला मध्ये बोलावं लागलं.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ सालापासून आहे. आपल्या गिरगाव-दादरकडच्या घरांतली काही मुलं आता घोडेस्वारी शिकतात. माझी नातही शिकते, तेरा वर्षांची आहे. तिच्यासाठी स्वतःचं तट्टू घ्यायचा विषय निघाला आणि घरात ठरत आलं की आत्ता जरा मोठंच घेऊ, पोर दोन वर्षांत त्याच्या मापाची होईल.

आधी मापाचं सांगते. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. आयाळ संपते तिथे पाठीच्या सुरुवातीला जो उंचवटा असतो, तिथपर्यंत मोजतात. मोजायचं परिमाण ‘हात’. हा हात म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नव्हे, फक्त चार इंच. १४.२ हात म्हणजे १४ हात आणि वर २ इंच, एकूण ५८ इंच. साधारण इतक्या उंचीपर्यंत तट्टू, त्यापुढे घोडा. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा दशांश फसवतो, कारण १४.३ नंतर थेट १५ येतात!

पण उंचीवरच अडून बसू नये. तितक्याच उंचीचं एखादं तट्टू पोटाला रुंद असतं, एखादं चिंचोळं. रुंद असलं तर लांब पायाची मुलगीही त्यावर नीट बसते. मूल बसल्यावर त्याचा पाय घोड्याच्या कुशीला नीट टेकला पाहिजे आणि पावलं पोटाच्या रेषेखाली लोंबता कामा नयेत. तट्टू फार मोठं असेल तर पाय कुशीला वरच्या वरच राहतो, टाचेचा इशारा पोचतच नाही. मग मूल काय करतं? लगाम ओढतं. त्या लगामाची लोखंडी कडी जनावराच्या तोंडात असते. म्हणजे आपल्या काटकसरीची किंमत त्याची जीभ आणि हिरड्या मोजतात. शिवाय मोठं जनावर बिथरलं तर तेरा वर्षांच्या पोरीला आवरत नाही, हे वेगळंच.

उलट बाजूही आहे. लहानपणी घेतलेलं लाडकं तट्टू मूल मोठं झालं तरी सोडवत नाही. इथे वजनाचा हिशेब मांडायचा. स्वार आणि सामान मिळून जनावराच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठातला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांवर १५ ते ३० टक्के भार ठेवून पाहिला, तेव्हा २५ टक्क्यांपासून पुढे त्यांच्या स्नायूंवर ताण दिसला. आता २८० किलोचं तट्टू धरा. २० टक्के म्हणजे ५६ किलो. त्यातून खोगिराचे आठ, बूट-हेल्मेटचे दोन वजा केले की मुलीसाठी उरले ४६. तट्टू अशक्त, म्हातारं किंवा शिकाऊ असेल तर आणखी कमी धरा.

आपल्याला हे नवीन नाही. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो, त्यांत अतिभारारोपण आहेच. मला नेहमी वाटायचं, हे बैलगाडीच्या काळातलं, आता मुंबईत कुठे लागू पडणार? माथेरानला जाऊन बघा. तिथे मोटारी नाहीत, त्यामुळे घोड्यांवर माणसंही बसतात. नव्वद किलोचा गृहस्थ लहानशा तट्टावर बसून फोटो काढून घेत असतो, आणि त्यात आपल्यातलेही असतात, ज्यांच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही.

मुलींच्या आयांना एक खास गोष्ट सांगते. पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर बहुतेक मुलींची उंची त्यानंतर थोडीच वाढते. म्हणजे ‘अजून खूप वाढेल’ म्हणून उंच घोडा घेण्यात अर्थ नाही. मुलगे मात्र सोळा-सतरापर्यंत वाढतात, त्यांचं तट्टू दोन वर्षांत लहान पडू शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत, वाढ चालू असेपर्यंत विकत घेऊच नये. क्लबच्या घोड्यावर शिकावं, मूल वाढेल तसं जनावर बदलून मागावं. घ्यायचंच असेल तर आजच्या मापाचं, शांत आणि शिकलेलं घ्यावं. नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी नको.

विकत घेऊ नये याचं खरं कारण वेगळंच आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आठ वर्षांचं तट्टू घेतलं आणि तीन वर्षांत ते लहान पडलं, तर त्याची पुढची पंधरा-वीस वर्षं कुठे जाणार? खातेवहीत यंत्राला घसारा लावतात आणि शेवटी भंगाराची किंमत धरतात. जिवाला असं काही लावता येत नाही. भुलेश्वरच्या पांजरापोळाची स्थापना १८३४ ची. आपली माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या दान देत आली. पण आपणच हौसेने आणलेलं जनावर दुसऱ्याच्या दारात सोडायचं आणि वर पावती फाडायची, हे मला पटत नाही. आमच्या घरी मी एवढंच विचारलं, ‘लहान पडल्यावर हे कुणाकडे जाणार, ते आज लिहून द्याल का?’ अजून कुणी लिहिलेलं नाही. नात क्लबच्या तट्टावरच शिकते आहे.