उमेदवारी कोणाची, निर्णय कोणाचा?

४ जून २०२४ रोजी भिवंडी लोकसभा मतदारसंघाने आपल्या विद्यमान खासदाराला घरी बसविले. त्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभा क्षेत्रांनी आपापल्या विद्यमान आमदाराला पुन्हा निवडून दिले. मतदार तेच, गावे तीच. निकाल मात्र दोन टोकांचे. भिवंडीचे राजकारण धर्म आणि जातीच्या बेरीज-वजाबाकीत मांडण्याची सवय अनेकांना जडली आहे. त्या बेरजेतून या विसंगतीचा उलगडा होत नाही. त्यासाठी वेगळाच प्रश्न विचारावा लागतो. विद्यमान लोकप्रतिनिधीने पुन्हा उभे राहावे की नाही, हा निर्णय कोण घेतो आणि कशाच्या आधारावर घेतो?

पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये भिवंडी मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली आणि काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमधून भाजपात आलेले कपिल पाटील १ लाख ९ हजारांवर मताधिक्याने जिंकले. २०१९ मध्ये हे मताधिक्य १ लाख ५६ हजारांवर गेले. २०२१ मध्ये ते केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री झाले. दोन विजय आणि मंत्रिपद एवढी शिदोरी असल्यावर तिसऱ्या उमेदवारीचा फेरविचार करण्याची गरज कोणाला वाटणार? परंतु २०१९ मधील ५ लाख २३ हजार मते २०२४ मध्ये ४ लाख ३३ हजारांवर आली. नीलेश सांबरे या अपक्षाने २ लाख ३१ हजार मते घेतली आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ६६ हजारांवर मतांनी विजयी झाले. हेच म्हात्रे २०१४ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे उमेदवार होते. चिन्हे बदलली, माणसे तीच राहिली.

नव्वद हजार मते एका रात्रीत सरकत नाहीत. ती सरकत असताना त्यांची चाहूल सर्वप्रथम लागते ती गावातल्या आणि मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्याला. त्याचा कौल उमेदवारी ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर त्याला किंमत असते का, हा खरा प्रश्न आहे.

याचा अर्थ विद्यमानांना सरसकट बाजूला सारावे असा नव्हे. भिवंडी पश्चिममध्ये महेश चौघुले २०१४ साली केवळ ३,३२६ मतांनी निवडून आले होते. २०१९ मध्ये ते अंतर सुमारे पंधरा हजारांवर आणि २०२४ मध्ये एकतीस हजारांवर गेले. विरोधी मतांतील फाटाफूट हे त्याचे एक कारण असेलही. पण तीन वेळा तोच उमेदवार देणे येथे पक्षाच्या हिताचेच ठरले. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर सहा जागांचे वाटप भाजपा दोन, शिवसेना दोन, राष्ट्रवादी एक आणि समाजवादी पक्ष एक असे राहिले. २०१९ मध्येही ते नेमके असेच होते. मधल्या काळात दोन पक्ष दुभंगले, सरकारे बदलली. भिवंडीचा पक्षीय तोल कागदावर तसूभरही हलला नाही. पदावर असणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. मात्र ती उमेदवारीची सनद होता कामा नये.

एका व्यक्तीच्या निर्णयाने तोल कसा ढळतो, याचा धडाही याच शहराने दिला आहे. २००९ मध्ये समाजवादी पक्षाचे अबू आझमी भिवंडी पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर अशा दोन्ही जागांवर विजयी झाले. त्यांनी मानखुर्द राखले आणि भिवंडी सोडली. २०१० च्या पोटनिवडणुकीत पक्षाने उमेदवारी दिली ती त्यांच्या पुत्राला. मतदारांनी शिवसेनेचे रूपेश म्हात्रे यांना कौल दिला. ही जागा परत मिळविण्यासाठी समाजवादी पक्षाला २०१९ पर्यंत थांबावे लागले. पक्षाजवळ दुसऱ्या फळीतला कार्यकर्ता उभा नसला, की घरातला माणूस शोधला जातो, आणि मतदार ते ओळखतो.

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर जनता निवडते. तो पुन्हा उभा राहणार की नाही, एवढ्या एका घोषणेवर तेथे दोन्ही पक्षांची गणिते फिरतात. कारण विद्यमान गव्हर्नर बाजूला झाला की प्रतिपक्षाची आशा पालवते. तेथील बहुतेक राज्यांनी या पदाला मुदतीची मर्यादा घातली आहे. व्हर्जिनियात तर गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा त्या पदावर येताच येत नाही. त्यामुळे उत्तराधिकारी घडविणे पक्षांना भागच पडते. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नियुक्त करतात, आणि आमदार, खासदार किंवा मुख्यमंत्री यांना अशी मर्यादा नाही. ती नसणे अयोग्य नाही. चांगल्या लोकप्रतिनिधीला मुकण्याची वेळ मतदारांवर येत नाही. पण जे बंधन कायदा घालत नाही, ते संघटनेने स्वतःवर घालून घ्यावयाचे असते.

भिवंडी महापालिकेचा अनुभव बोलका आहे. २०१७ मध्ये ९० पैकी ४७ जागा जिंकून काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या १८ नगरसेवकांनी विरोधात मतदान केले आणि महापौरपद चार सदस्यांच्या कोणार्क विकास आघाडीकडे गेले. निवडून येण्याची क्षमता एवढीच कसोटी लावून माणसे गोळा केली, की संख्या मिळते. पक्ष मिळत नाही. हा इशारा केवळ काँग्रेससाठी आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

तेव्हा पुन्हा उमेदवारी देण्याचा विचार निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, वर्षभर आधी व्हावयास हवा. केंद्रप्रमुखापासून तालुक्यापर्यंतच्या कार्यकर्त्याला निर्भयपणे बोलता आले पाहिजे, आणि प्रत्येक जागेवर दुसरे नाव तयार असले पाहिजे. विद्यमान लोकप्रतिनिधी त्या कसोटीस उतरला तर त्याने सन्मानाने पुन्हा उभे राहावे. न उतरला तर तितक्याच सन्मानाने बाजूला व्हावे. ज्या संघटनेत हे सहज घडते, तिचा तोल एका माणसाच्या होकार-नकाराने ढळत नाही.